वाळूभाऊ गाडीवर बसतात

आमलीच्या बाजारातला तो रस्ता दिवसभर जांभया देतो आणि संध्याकाळी खडबडून जागा होतो. त्यात नवल काही नाही. सिल्वासात दिवसा जो तो कंपनीत असतो; कोणी धागा काढतो, कोणी प्लास्टिकचे दाणे वितळवतो, कोणी वितळवणाऱ्यांवर देखरेख करतो. शिफ्ट सुटली की हे सगळे मोटारसायकली घेऊन बाजारात येतात. कोणी जेवायला, कोणी बायकोला साडी घ्यायला, कोणी नुसतंच हिंडायला. बाजाराची सगळी कमाई संध्याकाळच्या तेवढ्या वेळात होते. ही गोष्ट तिथल्या पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसण्यासाठी एक समिती नेमावी लागली.

समितीचं नाव वाहतूक सुव्यवस्था समिती. तिने रस्त्याचा अभ्यास केला तो सकाळी अकराला, कारण कचेरीची वेळ तीच. अकराला रस्ता चांगला मोकळा होता. समितीने समाधानाने माना डोलावल्या आणि सकाळी कसलेही निर्बंध नकोत असं एकमताने ठरवलं. मग संध्याकाळी घरी जाता जाता समितीचेच दोन सभासद फरसाण घ्यायला थांबले आणि त्यांची गाडी गर्दीत अडकून पडली. झालं. दुसऱ्या दिवशी ठराव आला: या रस्त्यावर संध्याकाळी पाच ते नऊ वाहन लावायला सक्त मनाई. ज्यांना लावायचंच असेल त्यांनी अथालच्या रस्त्याला असलेल्या मैदानात लावावं आणि चालत यावं. जेवायला आलेला माणूस गाडीपर्यंत परत पोचेस्तोवर त्याला पुन्हा भूक लागावी, एवढं ते अंतर होतं.

मनाईचे फलक मात्र फार मजबूत लावले. खाली सिमेंटचे चौथरे, वर लोखंडी खांब. एकेका चौथऱ्याने जी जागा खाल्ली तिथे पूर्वी मोटारसायकली ओळीने उभ्या राहायच्या. उद्या कोणी मनाई उठवली तरी गाड्यांना जागा मिळू नये, याचीही समितीने काळजी घेतली होती असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याचा पहिला दणका बसला तो भिमाबाईच्या खानावळीला.

भिमाबाई मूळची जळगावकडची. नवऱ्याला इथल्या धाग्याच्या कंपनीत काम लागलं तेव्हा ती त्याच्याबरोबर आली आणि पोर जरा मोठं झाल्यावर तिने ही खानावळ काढली. जागा लहान, टेबलं मोजकी, पण वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि तिचा ठेचा खायला आमलीत खोल्या करून राहणारी सगळी खानदेशी पोरं यायची. पुण्या-नाशकाचे इंजिनियरसुद्धा यायचे; सुरुवातीला ठेच्याने डोळ्यांत पाणी आणायचे आणि मग सवय झाली की आणखी मागायचे. वांगी खेरडीच्या एका शेतकऱ्याकडून रोज टोपलीभर येत. दुपारी जेवायला कोणी कुत्रं फिरकायचं नाही, थोडेफार हमाल आणि दुकानातले नोकर सोडले तर. खानावळ चालायची ती संध्याकाळवर.

तिचा नवरा वाळूभाऊ. त्याची जागा भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. पंचवीस वर्षं तो यंत्रासमोर उभा राहिला होता. त्याच्या कंपनीत पाळी सुरू झाली की बसायला बंदी. मग नवी यंत्रं आली, त्यांच्यापुढे कोणी उभं राहायचीही गरज उरली नाही, आणि वाळूभाऊला घरी पाठवलं. गुडघे गेलेले, वय तसं फार नाही, पण माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. तोंड भिंतीकडे. बोलणं नाही, जेवणावर मन नाही. मुलगा विकी सुरतेला कामाला. त्याचा फोन आला तरी "बरं हाये" एवढंच.

भिमाबाईची जीभ कशी, तिच्या ठेच्याला विचारा. "गणपती बी दहा दिवसानं उठतो, विकीचे बाप," ती तव्यावरून म्हणायची, "तुमी कवा उठसान?" गिऱ्हाइकं हसायची. वाळूभाऊ हसायचा नाही, रागवायचाही नाही. तो रागवला असता तर तिला बरं वाटलं असतं. रात्री भांडी घासताना तिला आपल्याच बोलण्याचा राग यायचा आणि सकाळी ती पुन्हा तेच बोलायची. काय करणार, गप्प बसून त्याच्याकडे बघणं तिला त्याहून जड जात होतं.

तर मनाईची पहिली संध्याकाळ. खानावळ भरलेली. टोइंगची गाडी आली, तिच्यावरच्या पोरांनी दोर टाकला आणि बाहेरच्या मोटारसायकली भराभर उचलायला सुरुवात केली. आत एकच गोंधळ. भरताने माखलेले हात घेऊन पोरं बाहेर धावली. मुकुंद नावाचा पुण्याचा इंजिनियर, तिचा रोजचा गिऱ्हाईक, तोंडात घास घेऊन टोइंगच्या मागे चौकापर्यंत पळत गेला. भिमाबाई ताटांकडे बघत राहिली. अर्धी भाकरी इथे, अर्धा कांदा तिथे. तिच्या खानावळीत ताट टाकून उठायची कोणाची हिंमत नव्हती आजवर.

दुसऱ्या दिवशी मुकुंद आला तो दारातूनच म्हणाला, "मावशी, आज पार्सल द्या. बसून खायची भीती वाटते."

"भरीत घरी नेसान तर गार खासान. बसा गुपचूप," भिमाबाई म्हणाली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर खुर्चीवर गेली. "विकीचे बाप! इथं बसता तं बाहीर बसा जरा. सायबाच्या गाडीवर बसा. टोइंगवाला आला तं आवाज द्या."

वाळूभाऊ उठला. का उठला कोण जाणे. बहुधा नाही म्हणायचाही कंटाळा आला असावा. बाहेर जाऊन तो मुकुंदच्या मोटारसायकलवर बसला. थोड्या वेळात टोइंगची गाडी आली. शेजारच्या दोन गाड्या उचलल्या, आणि याच्यापाशी येऊन पोरं थबकली.

"चाचा, हटो."

वाळूभाऊ हटला नाही. मुद्दाम नव्हे, गुडघा अडकला होता.

पोरांनी आपल्या मुकादमाकडे बघितलं. मुकादम विचारात पडला. "छोड दे," तो शेवटी म्हणाला. "आदमी समेत गाडी उठाने का ऑर्डर नहीं है. आदमी बैठा है तो पार्किंग कैसे हुआ?"

आणि टोइंगची गाडी निघून गेली.

आत मुकुंदने त्या आनंदात एक भाकरी जास्त खाल्ली. जाताना त्याने वाळूभाऊला हात जोडले, "काका, तुम्ही होतात म्हणून." आता यात एवढं काय होतं? पण ‘तुम्ही होतात म्हणून’ असं वाळूभाऊला किती दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं. तो आत आला, आणि खुर्चीवर बसताना त्याने खुर्ची फिरवून तोंड दाराकडे केलं. भिमाबाईची भाकरी त्या दिवशी पहिल्यांदाच करपली.

आमच्या बाजारात कुठलीही युक्ती एका दुकानापुरती राहत नाही. आठवडाभरात समोरच्या साडीवाल्या श्रीकांतने कंपनीतून निवृत्त झालेला झिपरू आणून बसवला. फरसाणवाल्या हसमुखभाईंनी काळू नावाचा एक म्हातारा वॉचमन मिळवला. त्याचं म्हणणं, जिंदगीभर आपण गाड्याच राखल्या, आता वरून बसून राखू. बांगड्यावाल्या ममताने तर स्वतःच्या सासऱ्यांना बसवलं आणि सासरे इतके खूश झाले की गाडीवरच चहा मागवू लागले आणि तिची चहाची एक खेप वाढली. संध्याकाळ झाली की घराघरांतून वयस्क माणसं नीट आवरून निघायची आणि बाजारात येऊन परक्यांच्या गाड्यांवर बसायची. रस्त्याकडे बघावं तर न निघालेली मिरवणूक.

या मंडळींत वाळूभाऊ म्हणजे गुरू. कसं बसावं हे त्याने सगळ्यांना शिकवलं. पाय खाली टेकलेले, एक हात हँडलवर, नजर समोर, चेहरा आत्ता निघतोय असा. मागच्या सीटवर बसायचं नाही, टोइंगवाला मानत नाही. स्टँडवर गाडी असेल तर डुलकी काढायची नाही. मोठ्या गाडीवर जाणता माणूस, स्कूटरवर नवखा. गंमत म्हणजे वाळूभाऊला गाडी चालवता येत नव्हती. एकदा एका हवालदाराने "बैठे क्यूं हो, आगे लो" असं दरडावलं तेव्हा त्याने दोन्ही पायांनी ढकलत ती मोटारसायकल शांतपणे पुढे नेली आणि हवालदार वळल्यावर तितक्याच शांतपणे मागे आणली. ही हकीकत बाजारात फार गाजली.

घरी वाळूभाऊ रोज दाढी करू लागला. शर्टाला इस्त्री करू लागला, तीही स्वतः. पोटभर जेवू लागला, आणि जेवताना बोलूही लागला. एकदा विकीचा फोन आला तर भिमाबाईने स्वयंपाकघरातून ऐकलं: "आज बुलेटवर व्हतो बापा. काय भारी गाडी हाये. नही नही, चालवत नही. ड्यूटीवर व्हतो."

ड्यूटी म्हणाला तो. भिमाबाई पदराला हात पुसत उभी राहिली. तिला हसू यायला हवं होतं, आलं रडू.

इथे गोष्ट संपती तर किती बरं होतं. पण धंदा म्हणजे काही नवऱ्याचा चेहरा नव्हे, की दाढी केली आणि खुलला. गाडीवर माणूस बसवला तरी गिऱ्हाइकाचा जीव गाडीतच. पूर्वी पोरं तासभर बसून ठेचा वाढून घ्यायची, आता दाराकडे बघत चार घास गिळून पळायची. बरेचसे तर हायवेवरच्या ढाब्यांवर जाऊ लागले, तिथे गाडी लावायला मैदानच्या मैदान. बायकापोरांना घेऊन येणारे येईनासे झाले. मुकुंद यायचा, पण त्याची बायको मेधा यायची बंद झाली. कोणा म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवून आपण आत जेवायचं, हे तिला कसंसंच वाटायचं. श्रीकांतचं रडगाणं तर विचारूच नका. "अहो, साडी म्हणजे काय बिडी आहे का, उभ्या उभ्या घ्यायला? बाईने गठ्ठाभर साड्या उलगडल्या नाहीत तर ती घेणार कशी? इथे तिसरी उलगडली की नवरा म्हणतो, चल, काका ताटकळलेत!"

आणि जागा तरी किती? बसणाऱ्यांनी रस्ता भरून गेला, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं बाजारात भलतीच गर्दी आहे, आणि तो न थांबताच पुढे जायचा. दुकानं रिकामी आणि रस्ता भरलेला. समितीला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं, पण समिती संध्याकाळी कुठे येते बघायला.

भिमाबाईकडे येणारी टोपली अर्धी झाली. मग त्यातलीही वांगी उरू लागली. हाताखालच्या सरिताला तिने सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर संध्याकाळची खानावळ बंद करावी लागेल. आणि संध्याकाळ गेली की भिमाबाईच्या खानावळीत मग राहतं काय? वेळेवर येऊन पोटभर जेवणारं गिऱ्हाईक एकच उरलं होतं: टोइंगची पोरं. ती आपली गाडी खानावळीच्या दारातच लावायची आणि तिच्यात एकाला बसवून यायची.

शेवटी दुकानदारांनी अर्ज-विनंत्या करून वरपर्यंत ओरड पोचवली. समितीवर नवे साहेब आले होते, तरुण आणि कामसू. त्यांनी ठरवलं की आपण स्वतः, संध्याकाळी, कोणालाही न कळवता, साध्या वेशात येऊन खरी परिस्थिती बघायची. तसा कचेरीतून दुकानदारांना फोनही आला: साहेब गुरुवारी गुपचूप येणार आहेत, गुच्छ आणलात तर बाहेर दिसू देऊ नका.

श्रीकांतच्या दुकानात गाद्यांवर बैठक झाली. ठरलं असं की गुरुवारी कोणीही गाडीवर बसायचं नाही. साहेबांना दिसू दे या मनाईने रस्त्याची काय स्मशानशांतता झाली आहे ती. आणि बोलायचं भिमाबाईने.

"मीच कशाले?" भिमाबाई म्हणाली.

"तुमच्या तोंडापुढे साहेब टिकणार नाही, म्हणून," श्रीकांत म्हणाला. "आणि तुमच्या वाळूभाऊंना तेवढं त्या दिवशी घरात ठेवा. ते म्हणजे आपल्या विरोधातला चालता-बोलता पुरावा."

"बेठेलो पुरावो, बसलेला," हसमुखभाईंनी गुजरातीत दुरुस्ती केली आणि सगळे हसले. भिमाबाईही हसली. मग तिला ते आवडलं नाही.

घरी तिने वाळूभाऊला सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता.

"आन मनाई उठली म्हंजे?" त्याने विचारलं.

"म्हंजे पहिल्यासारखं. लोकं येतीन, बसतीन, खातीन."

"मंग मी?"

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "तुमी बसा की आरामात." आणि म्हणताक्षणी तिला ती जीभ उपटून टाकावीशी वाटली. वाळूभाऊने इस्त्री थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी रस्ता खरोखरच ओस पडला. बसणारे सगळे घरी. गिऱ्हाइकांना आधीच कुणकुण लागलेली, तेही नाहीत. वाळूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खानावळीत खुर्चीवर बसला होता. तोंड पुन्हा भिंतीकडे.

साहेब आले. ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून स्वतः गाडी चालवत आले. एवढा मोकळा रस्ता बघून त्यांनी आपली पांढरी कार खानावळीच्या बरोबर समोर, फलकाखाली लावली. गाडी लॉक करायची असते हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. ते काम ड्रायव्हरचं. मग साध्या वेशात, पण साहेबाच्या चालीने, ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे त्यांना अजिबात न ओळखता दुकानदारांनी त्यांना घेरलं. श्रीकांतने सुरुवात करायची आणि मग साहेबांना भिमाबाईकडे आणायचं, असं ठरलेलं. भिमाबाई आपल्या दारात उभी राहून मनातल्या मनात बोलणं घोकत होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर टोइंगची गाडी दिसली.

साहेबांची पाठ इकडे. श्रीकांतचं तोंड इकडे. त्याने ती गाडी पाहिली, तिच्या वाटेत उभी असलेली पांढरी कार पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की साहेबांना वाटलं हा माणूस आपल्या भेटीने गहिवरला. श्रीकांतने भाषण लांबवलं. थेट सुरतेहून माल कसा येतो तिथून सुरुवात केली. हसमुखभाईंनी फरसाणाची बशी पुढे केली, दुसरी केली. अख्खा बाजार श्वास रोखून उभा. आणखी दोन मिनिटं, आणि साहेबाची स्वतःची गाडी उचलली जाणार. मग मनाई राहते कशी? भाषणं, अर्ज, काहीही लागणार नव्हतं. भिमाबाईला भरलेली टेबलं दिसली, पुन्हा टोपलीभर वांगी दिसली, सरिताची धांदल दिसली. देवाने पाठवल्यासारखी ती टोइंगची गाडी येत होती.

आणि टोइंगवाल्याने भोंगा वाजवला.

भिमाबाईच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वाळूभाऊ तिच्या बाजूने बाहेर आला. त्याने उजवीकडे टोइंगची गाडी बघितली, समोर बेवारशी उभी कार बघितली, आणि पायरी उतरला. गाडी कोणाची हे त्याला ठाऊक नव्हतं. भोंगा वाजला की निघायचं, एवढंच.

"भिमाबाई!" शेजारच्या दारातून ममता दबक्या आवाजात म्हणाली. "अहो, हाक मारा त्यांना! बघता काय? एक हाक मारा, थांबतील ते!"

रस्त्याच्या टोकावरून श्रीकांत साहेबांच्या डोक्यावरून हातवारे करत होता. सगळ्यांना माहीत होतं: वाळूभाऊ दुसऱ्या कोणाचं ऐको न ऐको, भिमाबाईच्या हाकेवर थांबतो. तिलाही माहीत होतं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

समोर त्याची पाठ होती. ताठ. गुडघा दुखत असताना तो लंगडत नव्हता, किंवा लंगडत होता तरी दाखवत नव्हता. शर्टाची घडी मोडली नव्हती. तो चालला होता तसा पूर्वी कंपनीची बस पकडायला निघायचा, घाईने, पण आपण नसलो तर काम अडेल हे माहीत असलेल्या माणसाच्या घाईने. हाक मारली असती तर तो थांबला असता, वळला असता, आणि काहीही न विचारता परत आत येऊन खुर्चीत बसला असता. भिंतीकडे तोंड करून. आणि मग तिने कितीही जीभ चालवली तरी तो पुन्हा उठला नसता.

भिमाबाईने तोंड मिटलं.

वाळूभाऊने कारचं दार उघडलं, आत बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नजर समोर लावली. चेहरा आत्ता निघतोय असा. टोइंगची पोरं आली, त्यांनी आत वाकून बघितलं. "क्या चाचा, आज फोर-व्हीलर!" म्हणाली आणि हसत निघून गेली.

हसण्याच्या आवाजाने साहेब वळले. आपल्या गाडीत परका माणूस बघून तरातरा चालत आले. "कोण तुम्ही? गाडीत काय करताय?"

"टोइंगवाले आले व्हते साहेब," वाळूभाऊ आत बसूनच म्हणाला. "बसलो म्हून वाचली. घाबरू नका, आमचं हे रोजचंच काम हाये." आणि त्याने थोडक्यात, पण काहीही न वगळता, सगळी व्यवस्था समजावून सांगितली. कसं बसायचं, कोणत्या गाडीवर कोणी बसायचं, सगळं.

साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे मनाई पाळली जाते, गाड्याही जागेवर राहतात, आणि शिवाय ज्येष्ठांना विरंगुळा? तेही आपोआप? शासनाचा काही खर्च न होता?" ते श्रीकांतकडे वळले. "आणि तुम्ही मला इतका वेळ काय सांगत होता?"

श्रीकांतने भिमाबाईकडे बोट दाखवलं. "साहेब, या बोलतील. या खऱ्या भुक्तभोगी."

साहेब पायरीपाशी आले. "बोला मावशी. या मनाईचा तुम्हाला काही त्रास?"

गाडीच्या काचेतून वाळूभाऊ तिच्याकडे बघत होता. किती दिवसांनी तो तिच्या डोळ्यांत सरळ बघत होता.

"नही साहेब," भिमाबाई म्हणाली. "त्रास कसला? आमचे हे बसतात ना."

साहेबांनी मनाई कायम केली. तिथल्या तिथे, फरसाण खाता खाता. असा नमुना दुसरीकडे कुठेच नाही, तेव्हा पुढच्या महिन्यापासून मागचे दोन रस्तेही मनाईत घेऊ, असंही म्हणाले. मग वाळूभाऊशी हात मिळवून ते गेले. श्रीकांतने शटर खाली ओढलं, जरा जास्तच जोराने. ममताने दुकानातले दिवे मालवले. लपवलेला गुच्छ हसमुखभाईंच्या गल्ल्यामागे तसाच राहिला.

वाळूभाऊ पायऱ्या चढून आला. "पाह्यलं का?" तो म्हणाला.

"पाह्यलं."

"सायबाची गाडी व्हती. मले काय माहीत." तो हसत होता. मग त्याने मागे वळून बंद दुकानांकडे बघितलं. "पन हे सगळे असे काहून गेले?"

"घरी कामं असतीन त्यांले. हात धुवा. वाढते."

तिने त्याला खिडकीजवळच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या जागी वाढलं. भरीत, भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. तो मन लावून जेवू लागला. भिमाबाई आत गेली. सरिता टोपलीतली उरलेली वांगी बाजूला काढत होती.

"मावशी, उद्याले खेरडीवाल्याले किती सांगू?"

"नको सांगू," भिमाबाई हळू आवाजात म्हणाली. "उद्यापासून सांजचा सैपाक बंद. दुपारचं जमंल तेवढं करू."

सरिताने टोपली खाली ठेवली. "आन बाबांनी विचारलं तं? का बंद केला म्हून?"

भिमाबाईने दाराआडून बाहेर पाहिलं. वाळूभाऊ दुसरी भाकरी मोडत होता.

"सांग, मावशी थकली," ती म्हणाली. "आन तसं बी सांजचं ते घरी नसतात. कामावर जातात."